हायपेरियनवरची चूल

शनीभोवती फिरणारा हायपेरियन नावाचा चंद्र दुर्गाच्या घरात शिरला तो पोस्टाने. तिचे यजमान गुरुदास हे हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, म्हणून सगळ्यांचे गुरुजी. त्यांनी पुण्याचं एक मासिक लावून घेतलं होतं, आणि चौऱ्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर आलेल्या अंकात या चंद्राचा फोटो होता. फोटो कसला, काळ्या कागदावर राखाडी डाग. पण गुरुजींना तेवढा पुरला. जेवताना चंद्र, आंघोळीला जाताना चंद्र. त्यात भर म्हणून रत्नागिरीच्या आकाशवाणीने त्यांना याच विषयावर दहा मिनिटं बोलायला बोलावलं. मग तर विचारूच नका.

भाषण लिहिलं की ऐकायला कुणीतरी हवं. शाळेतली मुलं घंटा झाली की पळतात आणि सहशिक्षकांना स्वतःचीच ऐकवायची असतात. उरली बायको. दुर्गा तांदूळ निवडायला बसली की गुरुजी समोर पाट ओढायचे आणि रेडिओच्या आवाजात सुरू व्हायचे.

"श्रोतेहो, कडी घातलेला तो प्रचंड शनी आपण चित्रांत पाहिला आहे. त्याच्याभोवती अनेक चंद्र फिरतात. त्यांतला हा हायपेरियन मात्र जगावेगळा. आकाराने लहान, आणि गोल तर नाहीच. शेतातून उपटलेल्या कणगाच्या कंदासारखा वेडावाकडा. शनीभोवतीची फेरी तो एकवीस दिवसांत न चुकता पुरी करतो. पण स्वतःभोवती कसा फिरेल याचा काही नेम नाही. कधी गरगर, कधी सावकाश, कधी या अंगावर, कधी त्या अंगावर. शास्त्रज्ञांचं गणित सांगतं की, तिथे उभं राहिलं तर पुढचा सूर्य कधी उगवेल आणि कुठून उगवेल, हे कुणालाच सांगता येणार नाही."

"मगे थंय रवणाऱ्या बायलांनी चूल कधी पेटवची?" दुर्गाने विचारलं.

गुरुजींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "थंय कोण रवत नाय गो. हवा नाय, पाणी नाय."

"नाय ता बराच आसा," ती म्हणाली आणि सुपातला खडा अंगणात फेकला.

गुरुजींना वाटलं, बायकोने विनोद केला. भाषणात घालावा का, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. पण दुर्गाने अगदी मनापासून विचारलं होतं, कारण त्या चंद्रावर ती बरेच दिवस संसार करत होती.

तिच्या सासूबाई काशीबाई, म्हणजे गुरुजींच्या आई, दोनेक वर्षांपासून दिवस आणि रात्र विसरल्या होत्या. बाकी प्रकृती ठणठणीत. दात शाबूत, आणि पायांत बळ असं की घाटी चढताना सुनेला मागे टाकतील. फक्त सूर्य तेवढा त्यांच्यापुरता बिघडला होता. आज एक तर उद्या दुसरंच: कधी भर दुपारी अंथरूण मागायच्या, तर कधी गाव गाढ झोपलेला असताना उठून "उजाडला गो, चूल पेटव" म्हणून हाका मारायच्या. चहा मिळाला नाही तर स्वतः चुलीत लाकडं सारायच्या. एकदा तर पेटतं लाकूड हातात घेऊन गोठ्याकडे निघाल्या होत्या, म्हैस दोहायला. तेव्हापासून दुर्गा त्यांच्या पदराला आपला पदर बांधून झोपायची. त्या उठल्या की ओढ लागे आणि ती जागी होई.

लेक लीला घरी होती तोवर मायलेकींनी वाटून घेतलं होतं. गेल्या वैशाखात लीला लग्न होऊन फोंडाघाटला गेली आणि सगळा भार एकटीवर आला. गुरुजी बाहेर पडवीत झोपायचे. त्यांना सकाळी शाळा असायची ना! दुर्गाला काय, घरातच तर असायची.

दुर्गा दमली होती. कष्टाचं तिला काही वाटत नव्हतं. तोंडवलीच्या माहेरी समुद्राच्या वाळूतून पाणी वाहत ती वाढली होती. पण हा थकवा वेगळा होता, हाडांत जाऊन बसलेला. भाताचं पाणी वेळताना तिचा डोळा लागायचा. विहिरीवर दोर हातात धरून ती उभी राहायची आणि कळशी काढायला आले की सोडायला, हेच तिला आठवायचं नाही. तिला दागिना नको होता, लुगडं नको होतं. कुणी न उठवता एकदाच पोटभर झोपावं, एवढंच तिला हवं होतं, आणि तेच कुणापुढे बोलायची लाज वाटत होती. झोप मागणारी सून म्हणजे लोकांच्या लेखी आळशी.

तिची सगळी भिस्त गावपळणीवर होती.

त्यांच्या माडवली गावात दर काही वर्षांनी देवाच्या हुकमाने गावपळण व्हायची. तीन दिवस नि तीन रात्री सगळा गाव रिकामा. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, झाडून सगळी शिवेबाहेर जायची. गावात तेव्हा देवाचा वावर. तिथे माणूस नको, दिवा नको, चूल नको, कोंबड्याची बांगसुद्धा नको. व्हाळापलीकडच्या, म्हणजे गावच्या ओढ्यापलीकडच्या माळावर झावळ्यांच्या खोपी उभ्या राहायच्या आणि अख्खा गाव तिथे संसार मांडायचा. चौथ्या सकाळी शिवेवरच्या देवाला कौल लावायचा आणि त्याने होकार दिला की घरी परतायचं. पुरुष पत्ते कुटायचे, बायका तीन दगडांवर काहीबाही शिजवून मोकळ्या व्हायच्या. सारवण नाही, अंगण नाही, गोठा नाही. दुर्गाच्या मनात एकच हिशेब होता. माळावर एवढी माणसं असणार, एवढे डोळे असणार. म्हातारीवर कुणी ना कुणी नजर ठेवीलच.

पहिला दिवस खोप घालण्यात गेला. काशीबाईंना वाटलं, कुणाचं तरी लग्न आहे. नवरी कुठे म्हणून त्या खोपीखोपीत डोकावून आल्या आणि रात्री वरात निघाली असं समजून पुन्हा पुन्हा उठल्या. दुर्गाचा पदर ओढला जात राहिला. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपली तेव्हा तिला समोरचं माणूस दुहेरी दिसत होतं. तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं.

"ओ, आजची दुपार आईंक, तुमच्या आवशीक, तुमी सांभाळा. माका मातशी झोपाक व्हया."

"झोप की," गुरुजी म्हणाले. एवढं साधं मागणं ऐकून त्यांनाच नवल वाटलं.

तिने पदराची गाठ सोडून म्हातारीचं टोक त्यांच्यापुढे धरलं. "ह्या हातात धरून ठेवा."

"गाठ कित्याक गो? माझा लक्ष आसा."

दुर्गा खोपीत शिरली, आडवी झाली आणि दगडासारखी झोपली.

पुढचं तिला नंतर कळलं ते असं. उद्या पहाटे गुरुजी रत्नागिरीला भाषणाला जाणार, ही बातमी माळभर झाली होती. बाबली सुताराने पत्ते टाकले आणि म्हणाला, "गुरुजी, रेडिओवर सगळ्या मुलखाक सांगतल्यात, आमका आदी सांगा." गुरुजींना आणखी काय हवं होतं? हां हां म्हणता पन्नासेक माणसं जमली. गुरुजींनी मधोमध नारळ ठेवून त्याचा शनी केला, सुपारीच्या झावळीची विरी, म्हणजे देठाकडचं रुंद साल, कापून त्याला कडं घातलं आणि हातात कणग घेऊन चंद्र फिरवायला लागले. आपण त्यांना नावं ठेवतो, पण सांगायची हातोटी मात्र त्यांच्याकडे होती. कणग असं काही भेलकांडत फिरवलं की बायकासुद्धा लाटणं सोडून आल्या.

"म्हणजे आमका साडेसाती शनीची," बाबली म्हणाला, "आनि शनीक ह्या येड्याची!"

माळावर हशा पिकला. गुरुजी खूश होऊन परत पहिल्यापासून सांगायला लागले. त्या हशात काशीबाई चटईवरून उठल्या. वाटेत त्यांना शेजारच्या खोपीतली हौसाबाई भेटली. "घराकडे दिवाबत्ती करूक जातंय," असं त्यांनी तिला सरळ सांगितलंही. डोक्यावर ऊन तळपत होतं. दिवाबत्तीचं ऐकून हौसाबाई हसली आणि चंद्र बघायला गेली.

दुर्गा उठली ती आरडाओरड्याने. सगळा माळ व्हाळाच्या काठावर उभा राहून गावाकडे बघत होता. माडांच्या डोक्यावर धुराची एक सरळ रेघ चढत होती. रिकाम्या गावात धूर! कुणी हात जोडले, कुणी पोरांना पोटाशी धरलं. दुर्गाने मात्र एक नजर टाकली आणि म्हणाली, "आमच्या घराचो धूर तो. आईंनी चूल पेटवल्यानी."

गावकऱ्यांत परशुराम मानाचा. त्याचा शब्द शेवटचा. तो कपाळावर आठ्या घालून म्हणाला, "आत माणूस आसा तवसर ही गावपळण न्हय. म्हातारेक भायर काढूक व्हयी. एकानच जावचा आनि मुकाट्यान जावचा. देवाक काय तो जाब त्याच माणसान देवचो."

आणि सगळ्या माना दुर्गाकडे वळल्या. गुरुजींच्या हातात कणग तसंच होतं, पण त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"घरात असा म्हातारा माणूस आसताना सून झोपली कशी मगे?" हौसाबाईने विचारलं.

दुर्गा संतापली. इतक्या महिन्यांत ती किती वेळा उठली, हे यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. ती एकदा झोपली, ते मात्र पन्नास माणसांना कळलं होतं.

गुरुजी जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "दुर्गा, तू जा गो. तुझा आयकता ती. माका फाटफटी रत्नागिरीची गाडी गाठूची आसा."

"तुमची आवस ती," दुर्गा म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण व्हाळाच्या पाण्याखेरीज कसलाच आवाज नसल्यामुळे तो सगळ्यांना ऐकू गेला. "तुमी जावा."

"आनि तू?"

"मी झोपतंय."

ती वळली, खोपीत गेली आणि पुन्हा आडवी झाली. बाहेर कुणीतरी "शिरा पडो" अशी शिवी हासडली, कुणासाठी ते देव जाणे. गुरुजींनी चपला काढल्या आणि पाण्यात पाय घातले, तेही तिला ऐकू आलं.

आता आपल्याला झोप कसली येते, असं तिला वाटलं. काशीबाईंवर तिचा राग नव्हता. ती सोळा वर्षांची नवरी होऊन या घरात आली तेव्हा याच बाईने पहिली दोन वर्षं तिला उजाडण्याआधी उठू दिलं नव्हतं. "चेडू लहान आसा, झोपांदे तेका," म्हणून स्वतः चूल पेटवायच्या. जावा-नणंदा काय काय बोलल्या, त्यांनी कानांवर घेतलं नाही. ते आठवलं आणि दुर्गाला रडू फुटलं. उठावं, धावत जावं, त्यांना हाताला धरून आणावं, असं मनात आलं. पण अंग उठलं नाही. रडता रडता कधी झोप लागली ते तिला कळलंही नाही.

जाग आली तेव्हा तोंडावर ऊन होतं, आणि ते कालचं ऊन नव्हतं. दुपार, संध्याकाळ, आख्खी रात्र, सगळं मागे गेलं होतं. तिचं डोकं पाण्याने धुतल्यासारखं स्वच्छ झालं होतं आणि पायांना पाय असल्याची जाणीव होत होती. ती बाहेर आली. बाबली व्हाळाच्या काठी दात घासत होता.

"गुरुजी ईले नाय अजून," तो म्हणाला. "रातभर थंय धूर येय होतो गो. मी तीनदा उठलंय, तीनदाय बघलंय. चांदण्यात कसो धवोफेक पांढरो दिसा होतो."

दुर्गाला तो धूर वाचता येत होता. पहिला चहाचा. दुसरा पेजेचा, कारण चहा झाला की काशीबाईंना शेतावरच्या माणसांची पेज आठवायची. तिसरा परत चहाचा, पहिला प्यायल्याचं विसरल्यामुळे. तिला हसू आलं. रत्नागिरीची पहाटेची गाडी केव्हाच निघून गेली होती, हे आठवलं तेव्हा मात्र हसू मावळलं. गुरुजींनी त्या भाषणासाठी नवा सदरा शिवून घेतला होता.

सूर्य चांगला वर आल्यावर ती दोघं व्हाळाच्या पलीकडच्या काठावर दिसली. काशीबाई पुढे, ताठ, केसांना तेल लावून, कपाळावर गंध. रात्रभर त्या घर सोडायला तयार नव्हत्या; शेवटी माहेरी नेतो असं सांगून लेकाने त्यांना बाहेर काढलं होतं. मागून गुरुजी येत होते. सदऱ्यावर काजळी, डोळे लाल, दाढीचे खुंट वर आलेले, आणि हाताला भाजल्याचा फोड. ते दुर्गासमोरून सरळ खोपीत जाऊन पडले. त्यांना घोरायला एवढासुद्धा वेळ लागला नाही.

चौथ्या सकाळी शिवेवर कौल लावला. पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या आणि परशुरामाने गाऱ्हाणं घातलं. उजवी कळी पडली तर गावात जायचं, डावी पडली तर नाही. डावी कळी सुटली आणि टपकन खाली पडली.

आणखी एक दिवस माळावर! पोरं सोडून सगळ्यांनी कपाळाला हात लावले. तांदूळ संपत आले होते, गुरांना चारा नव्हता, आणि दोष कुणाचा हे सांगायला ब्राह्मण नको होता. "शनीच्या त्या येड्या चंद्रान पुऱ्या गावाक घेतल्यान," असं बाबली म्हणाला आणि या वेळी कुणी हसलं नाही. गुरुजी सगळ्यांसमोर उभे राहिले. "चूक माझी आसा," म्हणाले. "आवशीक मी सोडलंय. दुर्गाचा नाव कोणी घेवचा नाय."

दुर्गाने ते मागे उभी राहून ऐकलं. तिला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर डावी कळी पडताना तिच्या पोटात आनंदाची एवढी मोठी उकळी फुटली की तिने पदर तोंडात धरला. आणखी एक दिवस! मग स्वतःचीच लाज वाटून तिने देवाला हात जोडले.

तो सगळा दिवस गुरुजी आईच्या मागे होते. ती चालली की चालायचे, ती बसली की बसायचे. नवरी दाखव म्हणाली तर हौसाबाईच्या सुनेपुढे नेऊन उभी करायचे. दुर्गा मदतीला उठली की तिला हाताने बस म्हणायचे. पत्ते खेळायला कुणी बोलावलं नाही, आणि चंद्राचं नाव त्यांनीही काढलं नाही.

सूर्य माडांमागे उतरला तेव्हा काशीबाई टाळी वाजवून म्हणाल्या, "उजाडला! चाय टाका गो कोणीतरी."

दुर्गा सवयीने उठली. तोवर गुरुजी दगडांपुढे उकिडवे बसून फुंकर घालत होते. धुराने खोकले, डोळे चोळले, पुन्हा फुंकर घातली. चहा झाला तो कडू आणि धुरकट. आईला दिला. मग एक पेला दुर्गापुढे ठेवला आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले. भाजलेल्या हातावर त्यांनी फुंकर घातली.

"लीला गेल्यापास्ना," त्यांनी विचारलं, "रोज ह्याच चलला आसा गो?"

दुर्गाने चहाचा घोट घेतला.

"रोज ह्याच आसला आसता," ती म्हणाली, "तर सवय झाली आसती."